कापराच्या पेटीतलं जोडपं

शाळेत शिकवून आली, चपला काढल्या, ओढणीनं मानेचा घाम पुसला, माठातलं पाणी गडूत घेतलं, तोवर सगळं रोजच्यासारखंच होतं. गडू तोंडाला लावता लावता मैत्रेयीची नजर बैठकीतल्या पाटाकडे गेली आणि तिनं गडू खाली घेतला. पाटावर बसलेल्या जपानी बाईच्या कपाळावर कुंकू होतं. फार नव्हतं; करंगळीच्या टोकानं टेकवावं तेवढं, मुगाच्या दाण्याइतकं. पण तो चेहराच असा होता की त्यावर आजवर उजेडाशिवाय दुसरं काही पडलं नसावं. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा पांढरा, भुवयांच्या जागी नुसती धुरकट सावली, आणि तांदळाच्या कणीएवढं तोंड. चार दिवस ती बाई कुणाकडेच न पाहता बसून होती. आता ती पाहायला लागल्यासारखी वाटत होती. मैत्रेयीला आधी भीती वाटली, आणि मागोमाग, का कोण जाणे, हसू आलं. कुंकवानं ती बाई एकदम ओळखीची दिसायला लागली होती. नाचणगाव रोडवरची कुणीतरी, लग्नाला निघालेली आणि रिक्षाची वाट पाहत बसलेली.

"आई, हे कुंकू तुम्ही लावलं?"

"मंग कोण लावन?" सासूबाई, इंदिराबाई, खाली बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सवाशीण बाई घरात येऊन चार दिस झाले अन् कोऱ्या कपाळानं बसून राह्यली. मलेच कसंतरी वाटे."

"पण चेहऱ्याला हात लावायचा नाही असं चिठ्ठीत लिहिलंय ना. मी वाचून दाखवलं होतं तुम्हाला."

"हात कुठी लावला? करंगळी लावली."

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शुद्ध भाषेत शिकवून आलेल्या इंदिराबाई घराच्या उंबऱ्याच्या आत पक्क्या वऱ्हाडी होत्या, आणि वऱ्हाडीत त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. मैत्रेयीनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

ती बाई म्हणजे बाहुली. तिच्या शेजारी तिचा नवरा, तोही बाहुला. उंच काळी टोपी, हातात लाकडाची चपटी पट्टी, आणि कुणीतरी बोलावल्याशिवाय उठणार नाही अशी बैठक. दोघांच्या मागं सोनेरी कागदाचा घडीचा पडदा. हे जोडपं जपानहून आलं होतं, नाओकोकडून. नाओको ही गोपालची बायको आणि गोपाल मैत्रेयीचा मोठा दीर. थोरल्याला आजोबांचं नाव लागलं, धाकट्याच्या वेळेपर्यंत आजोबा संपले होते, म्हणून मैत्रेयीच्या नवऱ्याला अर्णव असं नवं कोरं नाव मिळालं. गोपाल बारा वर्षं तिकडेच एका कारखान्यात आहे. त्याचा कुणी सोबती नागपूरला येणार होता, त्याच्याजवळ पेटी दिली. अर्णवनं ती नागपूरहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणली, आणि ज्या दिवशी ती घरात आली तो दिवस नेमका भाद्रपदातल्या पुनवेचा होता. हे असं नेमकं का घडतं याचं मैत्रेयीला नवल वाटत राहिलं. आठ दिवस आधी आली असती तर पेटी कपाटावर गेली असती.

फिक्या लाकडाची पेटी. एकही खिळा नाही. झाकण असं घट्ट बसलेलं की उचलताना आतली हवा उसासा टाकते. वर पांढरे सुती हातमोजे आणि पिसांचा इवला झाडू. त्याखाली ते दोघं, चेहऱ्यावर मऊ कागद गुंडाळलेले, दाढ दुखत असल्यासारखे. आणि सगळ्या घरभर एकदम कापराचा वास. कसर लागू नये म्हणून कपड्यांच्या घड्यांत कापराच्या पुरचुंड्या होत्या. चिठ्ठी अर्ध्या पानाची, गोल गोल इंग्रजी अक्षरांत. इलासाठी. माझ्या लहानपणच्या. मार्चच्या तीन तारखेला मांडायच्या, मुलीच्या घरी मांडतात, आणि सण झाला की लगेच परत ठेवायच्या. चेहऱ्याला हात लावू नये. बस. का पाठवल्या, आत्ताच का पाठवल्या, एक अक्षर नाही. पाच वर्षांची इला हातमोजे घालून कोपरापर्यंत हात वर धरून घरभर डॉक्टर होऊन फिरली. मैत्रेयी चिठ्ठी उलटसुलट पाहत राहिली. आणि इंदिराबाईंनी डोळे मिटून एकदा खोल वास घेतला आणि हात जोडले.

"एक गडी, एक बाई. जोडीनं बसलेले. अंगाले कापराचा वास. अन् भादव्याची पुनव. अन् तू म्हणते मार्चपर्यंत कपाटात कोंडून ठेव? कोण माय आपल्या लेकीले दारातून वापस पाठवते?"

कारण इकडे त्या दिवशी भुलाबाई बसतात. भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, मातीचे, रंगवलेले. पार्वती महिनाभर माहेरी येते, मुली रोज संध्याकाळी घरोघरी जमून गाणी म्हणतात, कोजागिरीला समारोप. इंदिराबाईंच्या घरात दोन्ही मुलगेच, त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांच्या पाटावर भुलाबाई बसली नव्हती. यंदा इला पाच वर्षांची झाली म्हणून त्या मातीचं जोडपं आणायला पिशवी घेऊन निघाल्याच होत्या, तर हे दारात उभं. मैत्रेयीनं समजावलं, हे राजाराणी आहेत, देव नाहीत. "राजाराणीच म्हणतो मी. पार्वती का मोलकरीण हाये?" पाट मांडला गेला, त्यावर ज्वारीचे पाच धांडे शेंड्याशी बांधून उभे केले, त्या हिरव्या खोपटात ते रेशमी जोडपं बसलं, आणि खरं सांगायचं तर सुरेख दिसलं. मैत्रेयीनं मनातल्या मनात हार खाल्ली. तिनं फोटो मात्र काढला नाही. फोटो काढला असता तर नाओकोला पाठवावा लागला असता.

पाट मांडला त्याच संध्याकाळी गल्लीतल्या मुली आल्या तशा त्यांच्यामागं शेजारच्या प्रमिलाबाईही आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी दोघांची पाहणी केली. "अवो बाई, भुलोजीच्या मिशा कुठी गेल्या? अन् भुलाबाईनं लुगडी किती नेसली, बारा?" मुली फिदीफिदी हसल्या. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "सगळं हाये, पण मांडीवर गणपती नाई. इतक्या दिसांचं लग्न अन् पोर नाई? तिकडची रीतच दिसते तशी." बोलणं बाहुल्यांविषयी होतं. पण ते कुणाला जाऊन लागायचं होतं हे त्या बैठकीतल्या प्रत्येक बाईला कळलं, कारण गोपाल-नाओकोच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, इंदिराबाई बाजारात प्रेमदास कुंभाराकडे गेल्या आणि नुसता एक गणपती घेऊन आल्या, लिंबाएवढा, लाल पितांबराचा. "त्यो म्हणे, जोडप्यातून एकटा गणपती कोण नेते बाई, मायबाप काय करतीन? म्या म्हटलं, तू पैशे घे." आणि राजाराणीच्या मध्ये, दोघांच्या रेशमाला टेकून, तो मातीचा गणपती बसला. ठेवल्यावर इंदिराबाई जितका वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, त्यावरून मैत्रेयीला समजलं की हा नुसता सण नाही, हे मागणं आहे.

आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तो डबा वाजायला लागला. भुलाबाईच्या खेळात शेवटी खिरापत असते. गाणी संपली की घरची मुलगी झाकलेला डबा आणते आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. गोड की तिखट, उभा की गोल. डबा हलवून दाखवायचा, नुसत्या आवाजावरून सांगायचं. नाही आलं तर 'हरलो' म्हणायचं, मगच झाकण निघतं. मैत्रेयीचं माहेर कारंजा घाडगे, घर हायवेला लागून. ट्रकांच्या घरघरीतून कान टवकारून ऐकायची सवय असल्यामुळे की काय, ती या खेळात कधी हरली नव्हती. फुटाणे टणटण वाजतात, शेंगदाणे थोडे मऊ, मुरमुरे श्वास घेतल्यासारखे, आणि काहीच वाजलं नाही तर शिरा. सुरभी नावाच्या मैत्रिणीनं एकदा डब्यात नुसतं पाणी भरून आणलं होतं, तेही तिनं ओळखलं. नऊ वर्षांच्या मैत्रेयीला वाटायचं की जगातल्या प्रत्येक बंद वस्तूला आवाज असतो, आपण कान लावायचा अवकाश. आता ती एकतीस वर्षांची होती आणि नाओकोची पेटी कानाशी धरून हलवत होती. आपल्या लहानपणच्या बाहुल्या, ज्या मुलीच्या घरी मांडायच्या असतात, त्या कुणी दुसऱ्याच्या मुलीला केव्हा देऊन टाकतं? आपल्या घरी मुलगी येणार नाही हे पक्कं ठरल्यावर. डबा हलवला की हेच वाजायचं. तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

तसे पुरावेही होतेच. सात वर्षांपूर्वी मैत्रेयीच्या लग्नाला नाओको आली होती, तेवढीच काय ती भेट. अकरा दिवस ती घरभर बोट दाखवत प्रत्येक वस्तूचं नाव विचारत हिंडली. पाट, परात, उलथनं, आणि वहीत लिहून घेतलं. निघताना इंदिराबाईंनी तिला कुंकू लावून नारळानं ओटी भरली, तर तो नारळ खाली ठेवायचा नसतो असं समजून ती नागपूरपर्यंत गाडीत दोन्ही हातांनी ओटी धरून बसली. अर्णवला हसू आवरेना. मैत्रेयी मात्र नव्या नवरीच्या जड साडीत तिच्याकडे पाहत राहिली होती; ही बाई चेष्टा करत नाही, हिला खरंच माहीत करून घ्यायचंय. मग इला झाली तेव्हा फोनवर नाओकोनं वजन विचारलं नाही, रंग विचारला नाही, कुणासारखी दिसते तेही नाही. विचारलं, तिच्या डोक्याला कसला वास येतो? मैत्रेयीनं बाळाच्या टाळूला नाक लावलं, आणि उत्तर देण्याऐवजी तिला रडूच फुटलं. हा प्रश्न मूल नसलेली बाईच विचारू शकते, असं तिनं तेव्हा ठरवून टाकलं. पुढे एकदा गोपालनं अर्णवला फोनवर डॉक्टरचं काहीतरी सांगितलं होतं. काय ते अर्णवनं सांगितलं नाही. "त्यांचं ते पाहून घेतीन," एवढंच. त्यांच्या घरातले पुरुष दुःख असंच घडी घालून ठेवत, पाहून घेतीनच्या पुडीत. मैत्रेयीला तर आत्ताआत्ता वाटायला लागलं होतं की आपणच इलाला अंघोळ घालताना व्हिडिओ कॉल लावायला नको होता, आपणच तिची पहिली पावलं पाठवायला नको होती. आपल्या सुखाचा आवाज जरा मोठाच होता का?

आणि या सगळ्यावर आता कुंकू. रविवारी सकाळी नेहमीचा फोन यायचा होता. बाहुल्या पाहिल्याशिवाय नाओको राहणार नव्हती. तिचं बाळपण, तिनं काळजावर दगड ठेवून दिलेलं, आणि त्याच्या कपाळावर लाल डाग. शिवाय मांडीशी गणपती: हे तुला झालं नाही ते. मैत्रेयीला रविवार दिसत होता, स्पष्ट, घडून गेल्यासारखा. नाओको काही बोलणार नाही. वाकून हसेल आणि पुन्हा कधी काही पाठवणार नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. बाराला ती घरी आली. इंदिराबाई इलाला घेऊन प्रमिलाबाईंकडे पापडाच्या कामाला बसल्या होत्या, अर्णव वर्ध्याला. घरात पंख्याची घरघर आणि बाहेर लांबवर लष्कराच्या कॅम्पाकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. तिनं हातमोजे घातले. इलानं घालून घालून ते मळकट केले होते. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, फक्त ओलसर ठेवून तिनं तो बाहुलीच्या कपाळाला टेकवला, इलाच्या डोळ्यातली चिपडं काढते तितक्या अलगद. कुंकू विरघळलं. पहिल्यांदा गुलाबी झालं, मोठं झालं. तिनं दुसरा बोळा घेतला. गुलाबी फिकट झालं, आणि तिला हायसं वाटतंय तोच बोळ्याला पांढरं लागलं. कणिक मळताना हाताला लागते तसं. तिला वाटलं कापूसच आहे. मग दिसलं की जिथं कुंकू होतं तिथं आता चेहराच नव्हता. नखाएवढी राखाडी, खरबरीत जागा, आतलं लाकूड की भुसा की काय ते. तो पांढरा रंग पाण्यानं जाणारा होता. कुंकू वरवर होतं, कोरड्या फडक्यानं झटकलं असतं तरी अर्धं गेलं असतं. तिनं ओल्या हातांनी कपाळ पुसून काढलं होतं. ती किती वेळ तशीच उकिडवी बसली कोण जाणे. पंख्याच्या वाऱ्यानं बाहुलीच्या मुकुटातली सोनेरी साखळी हलत होती, बारीक वाजत होती. तिनं कान दिला नाही.

संध्याकाळी मुली यायच्या आधी दिवा लावताना इंदिराबाईंना ते दिसलं. त्या चष्मा काढून पुसून पुन्हा घालून वाकल्या. मैत्रेयी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात खिरापतीचा डबा, तोंडात वाक्य तयार. "माय व," इंदिराबाई म्हणाल्या, अगदी हळू. "कुंकवानं खाल्लं तिले. बाजारातलं कुंकू, काय काय घालतात त्यात. तू बोलली होती मले. म्याच आयकलं नाई." आणि त्या पाटासमोर खाली बसल्या, एका हाताने गुडघा धरून. मैत्रेयीच्या तोंडातलं वाक्य परत गेलं. तिनं ते गिळलं असं नाही. ते आपणहूनच मागं फिरलं, गर्दीच्या दुकानातून गिऱ्हाईक फिरतं तसं. मुली आल्या. गाणी झाली. इलानं डबा हलवला. इंदिराबाई टाळ्या वाजवत होत्या पण त्यांची नजर त्या राखाडी ठिपक्यावरून हलत नव्हती, आणि मैत्रेयीची इंदिराबाईंवरून. स्वतःची ही गंमत तिला नवीन होती. तिच्या वर्गात पोरं खोटं बोलली की तिला लगेच कळायचं. त्यांचे कान हलतात. आपले हलत असतील का? ती आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि खरंच पाहिलं.

रविवारी साडेनऊला फोन वाजला आणि मैत्रेयीचे हात कणकेत असताना इलानं तो उचलला. इंदिराबाई धुतलेलं लुगडं नेसून आधीच खुर्चीवर बसल्या होत्या, तपासणीसाहेब शाळेत यायचे तेव्हा बसत तशा.

"काकू, पाह्य! यांना बाळ झालं!"

पडद्यावर नाओको दिसली. केस आखूड कापलेले, मागं खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. तिला थोडं मराठी यायचं, घरातल्या वस्तूंएवढं. "बाळ? कधी?"

"बुधवारी. बाजारातून आणलं."

"हत्तीचं?" नाओको हसली. अगदी मोकळं, तोंडावर हात न घेता. मैत्रेयी हात न धुताच बाहेर आली होती. "आणि हिला लागलंय," इला म्हणाली आणि फोन बाहुलीच्या इतका जवळ नेला की त्या राखाडी ठिपक्याशिवाय दुसरं काही दिसत नसणार. पलीकडचं हसू थांबलं.

मैत्रेयीनं फोन घेतला. मागून इंदिराबाईंचा आवाज आला, शुद्ध भाषेतला, शाळेतला. "तिला सांग, कुंकू मी लावलं होतं. माझ्यामुळे खराब झालं. माझ्याकडून माफी माग." एवढंच इंग्रजीत करून सांगायचं होतं. वाक्य आयतं होतं, तिचं नव्हतंही; ती फक्त मधला पूल. मैत्रेयीनं सुरुवातही केली, "आई म्हणतात की..." आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, डब्यात पाणी भरून आणावं तसा, काही वाजत नाही, पण वजन आहे. "नाही," ती म्हणाली. "आईंनी कुंकू लावलं होतं. त्यानं काही झालं नव्हतं. मी पुसलं, वहिनी. ओल्या कापसानं. मी खराब केलं." मग तिला तेच वळून मराठीत सांगावं लागलं, आणि मराठीत ते जास्त जड निघालं.

"तू व?" इंदिराबाईंची वऱ्हाडी परत आली. "अन् कालपासून मले आतल्या आत खाऊ दिलं?"

"एकच दिवस, आई."

"एक दिस का कमी होते?" पण त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. कालपासून पहिल्यांदाच.

नाओकोला त्या दोघींचं काय चाललंय ते कळत नसावं. ती म्हणाली, सावकाश इंग्रजीत, तिला फिरव. पाठमोरी कर. मैत्रेयीनं कणकेचा हात ओढणीला पुसून बाहुली फिरवली. मानेवरचे केस उचल. उचलले. तिथं, रेशमी गळ्याच्या वर, तसाच राखाडी ठिपका होता. याहून मोठा, जुना, कडा पिवळ्या पडलेला. "मी पाच वर्षांची होते," नाओको म्हणाली. "मी तिला अंघोळ घातली. बादलीत बसवली होती. आई धावत आली. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, आधी टॉवेल आण, सर्दी होईल तिला. आम्ही दोघींनी तिला पुसलं आणि आणखी रंग निघाला. मग आईनं केस पुढे ओढले आणि म्हणाली, आता ती आपल्या घरची झाली."

मैत्रेयीला वाटलं, आता फोन ठेवला तरी चालेल, निभावलं. पण डबा वाजतच होता, आणि आता त्याचा आवाज तिनं ठरवलेल्यासारखा नव्हता. काहीतरी वेगळंच आत घरंगळत होतं. "वहिनी," ती म्हणाली, "मी चार दिवस ओळखायचा प्रयत्न केला. मी हरले. तुम्ही या का पाठवल्या?"

नाओकोच्या मागं टॉवेल वाऱ्यानं हलले. "आई दरवर्षी मांडायची," ती म्हणाली. "माझं लग्न झालं तरी. एकटीच मांडायची आणि फोटो पाठवायची. ती गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. झाकण थोडं उचललं की कापूर येतो. आणि कापराच्या मागून आई येते. मी पुन्हा झाकण लावते. असे चार मार्च गेले. वर्षातून एकदा तरी त्यांनी बाहेर यायला हवं, असं कोंडून ठेवणं चांगलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणी उघडली तर कापूर नुसता कापूर असेल." ती पडद्याजवळ आली. "आला का वास? घरात?"

"आला," मैत्रेयी म्हणाली. "आई म्हणाल्या, देव आले."

आई. इतकं ऐकलं, इतका कान लावला, आणि तिला एकदाही आई वाजली नव्हती. मूल नसलेल्या बाईच्या डब्यात मूलच नसणार, याच्यापुढे तिचा कान गेलाच नव्हता. चार वर्षांपूर्वी गोपालनं सांगितलं होतं की नाओकोची आई वारली. त्या साली रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची, इकडेही दोन घरं सोडून पुंडलिकराव गेले होते, आणि 'वाईट झालं' असं गोपाललाच म्हणून सगळे मोकळे झाले होते. नाओकोला फोन कुणी दिला नव्हता. भाषा येत नाही, काय बोलणार. सण मुलीचा असतो असं चिठ्ठीत लिहिलेलं होतं. ती मुलगी कोण हे मैत्रेयीनं आधीच ठरवून टाकलं होतं; नाओको स्वतःही कुणाची तरी मुलगी होती हे त्यात आलंच नव्हतं.

तिनं इंदिराबाईंना सगळं सांगितलं, जमेल तसं, बादलीसकट. इंदिराबाई ऐकत होत्या आणि पाटाकडे पाहत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, धांड्यांच्या खोपटात वाकल्या, आणि राजाराणीच्या मधला गणपती दोन्ही हातांनी उचलला.

"आजी, बाळ कुठी नेते?" इला ओरडली.

"प्रेमदासकडे त्याचे मायबाप बसून असतीन बिचारे. त्याहीले घेऊन येतो. तिघं बाजूच्या पाटावर बसतीन." त्यांनी गणपतीवरची धूळ पदरानं पुसली, पण पाहिलं मात्र फोनकडे. "अन् हिले इच्यार. तिच्या मायचं नाव काय होतं?"

मैत्रेयीनं विचारलं. दहा वर्षांत या घरातून तो प्रश्न पहिल्यांदा जात होता, आणि पलीकडे पोचायला त्याला वेळ लागला.

"फुमिए," नाओको म्हणाली.

"फुमी?"

"फुमिए."

"फुमिए," इंदिराबाई म्हणाल्या. पुन्हा एकदा, ओठ नीट जुळवून, पहिलीच्या पोरांना शिकवत तशा. "पितरांचा पंधरवडा चालू हाये. नाव माहीत पाह्यजे ना. नवमीले एक पान तिचंही वाढतो. अन् तिले म्हणा, पुढच्या भादव्याच्या पुनवेले इकडेच ये. भुलाबाई माहेरीच येत असते."

हे कसं सांगावं ते मैत्रेयीला सुचेना. माहेरीला इंग्रजीत शब्द नव्हता; तिनं आईचं घर म्हटलं, मग वाटलं तेही बरोबर नाही, आणि मग तिनं ते तसंच राहू दिलं. नाओकोनं मान खाली घातली होती. आखूड केसांतून तिचा भांग दिसत होता, लहान मुलीसारखा, आणि मैत्रेयीला एकाएकी त्या टाळूचा वास कसा असेल असं वाटून गेलं.

इलाला इतकी शांतता आवडत नाही. ती स्वयंपाकघरात पळाली, फळीवर चढल्याचा, डबे सरकवल्याचा, काहीतरी सांडल्याचा आवाज आला, आणि ती झाकलेला डबा छातीशी धरून आली. फोनच्या तोंडाशी तिनं तो जोरजोरात हलवला. "काकू, ओळख! गोड की तिखट?"

नाओकोनं वर पाहिलं. डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले, आणि कान फोनला लावला. पडद्यावर एक कान आणि थोडे केस एवढंच राहिलं. इंदिराबाई गणपती हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. डब्यात इलानं काय भरलं होतं ते मैत्रेयीलाही माहीत नव्हतं.

"हरली का? हरली?" इला नाचत होती.

"नाई," तो कान म्हणाला. "पुन्हा वाजव."